जनरेटरवाल्याचं ताट

मुहूर्त 12 वाजून 34 मिनिटांचा आणि 12 वाजून 31 मिनिटांनी लाइट गेली. फेब्रुवारी 2019, साताऱ्याजवळचं एक लॉन आणि लग्नांची व्यवस्था बघायचा धंदा सुरू केल्यावर स्वतःच्या नावावर घेतलेलं माझं दुसरंच काम. जनरेटर होता, 62 केव्हीएचा. पण चेंजओव्हर, म्हणजे मंडपाची वीज जनरेटरवर घ्यायचा खटका, हाताने फिरवायचा होता आणि तो फिरवणारे जनरेटरवाले मामा जागेवर नव्हते. पदर खोचून मी लॉनच्या मागे धावले. जनरेटरच्या गाडीत मामांची टोपी होती, मामा नव्हते. ते सापडले भटारखान्यात, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसलेले, पुढ्यात ताट, ताटात नुकतीच पडलेली मटकीची उसळ.

"सकाळी सहाला आलोय ताई. आचारी म्हणला, अक्षता पडल्या की गर्दीत घास मिळायचा न्हाई, आत्ताच उरका."

आचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मामांचंही नाही.

मंगलाष्टका माइकशिवाय झाल्या. मुलीच्या दोन आत्यांचे आवाज खणखणीत होते म्हणून निभावलं, आणि ताशाला वीज लागत नाही तेवढं बरं. लाइट आली तोवर हार घालून झाले होते. मुलीचे वडील मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. रात्री घरी येऊन मी माझी रनशीट काढली, म्हणजे कुठलं काम किती वाजता याची यादी. नवरीच्या मेकअपपासून विहिणींच्या ओटीपर्यंत 64 ओळी. मामांच्या जेवणाची एकही नाही.

त्याचं जास्त वाईट वाटलं, कारण हा धडा मी आधीच शिकलेली होते. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला, पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, तीन वर्षं बॅकस्टेज केलं. भरत नाट्य मंदिराबाहेर "अरे आव्वाज कुणाचा" ओरडणाऱ्यांत आम्हीही असायचो, पण आमचं खरं काम आत, अंधारात. ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य उभं करायचं, ठरलेल्या मिनिटांत उचलायचं. कोण कुठल्या विंगेत उभा, कुणाच्या हातात काय, कोण कुणाला खूण करणार, हे सगळं आधी कागदावर मांडलेलं. लाइटवाला चहाला गेलाय आणि एकांकिका सुरू झालीय असं तिथे कधी घडलं नाही. लग्नात मात्र मी फुलं, झालरी आणि खुर्च्यांच्या कव्हरांत इतकी गुंतले की माणसं कुठे आहेत हेच बघायचं राहिलं.

बी. कॉम. झाल्यावर पुण्यात एका मंडप कॉन्ट्रॅक्टरकडे चिकटले. पगार विचारू नका. शेठ तोंडाने फटकळ, पण कामाला पक्के. पहिले चार महिने मी फक्त मोजत होते: खुर्च्या, गालिचे, कनाती आणि ताटं. पंगतीत पानं मोजता येतात, बुफेत फसगत होते. मांडणीआधी स्वच्छ ताटांचे गठ्ठे मोजायचे, शेवटी उरलेले मोजायचे, आणि मधे धुऊन परत रांगेत लावलेली ताटं वेगळी टिपून ठेवायची. हा तिसरा आकडा कुणी टिपला नाही, तर बिलाच्या वेळी केटरर सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. "एकशेचाळीस धुतलेली लागली की हो" म्हणाला, तर तुम्ही कशाच्या जोरावर नाही म्हणणार? शेठ मला भिंतीशी स्टूल टाकून बसवायचे आणि हातात वही द्यायचे. ताटं मोजणारी पोरगी म्हणून आचारी माझ्याकडे बघून हसायचे. नंतर नंतर हसायचे बंद झाले.

दुसरी गोष्ट शिकले ती विजेची, आणि ती मला शेठनी नाही, त्यांच्या वायरमनने शिकवली. जुना पार लाइट, म्हणजे स्टेजवर झोत टाकणारा दिवा, एक हजार वॉटचा, म्हणजे एकटाच सव्वाचार अँपिअरच्या आसपास खेचणारा. एलईडी पार त्याच्या पाचव्या हिश्श्यातही भागतो. सगळा लोड एकाच फेजवर टाकला की तिकडचा एमसीबी पडणार आणि उरलेल्या दोन फेज आरामात बसून राहणार. हे कळल्यावर मी डेकोरेटरला "लाइट किती?" असं विचारायचं सोडलं. "कुठले, किती वॉटचे आणि कुठल्या फेजवर?" असं विचारायला लागले. या एका प्रश्नाने जितका मान मिळाला, तितका सर्टिफिकेटने मिळाला नाही.

सर्टिफिकेटही आहे. शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा कोर्स केला, पैसे साठवून. त्यातून बजेटचा तक्ता नीट मांडायला आणि कोटेशन लिहायला आले, दोन-तीन ओळखी झाल्या. सहा फुटी गोल टेबलाला दहा माणसं बसतात, पाच फुटीला आठ, असली गणितं तोंडपाठ झाली. कोर्स वाया गेला असं म्हणणार नाही. पण नवरदेव मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत नाचत किती वेळात येतो, हे तिथे कुणी सांगितलं नाही. (अर्धा किलोमीटर असेल तर पाऊण तास धरा. मित्रमंडळी मोठं असेल तर सव्वा तास. आणि बँडच्या मास्तरांना शेवटचं गाणं कुठल्या वळणावर ते आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नवरदेवाच्या मामाला सांगून उपयोग नाही, तो स्वतःच नाचत असतो.)

2018 च्या दिवाळीनंतर शेठना सांगून बाहेर पडले. ते म्हणाले, "कर, पण उधारीत काम घेऊ नको." मी घेतलं. पाठवणीनंतर उरलेले पैसे मागायला गेलं की घरात नुसती रडारड. त्या वातावरणात बिल पुढे करणारी बाई किती दुष्ट दिसते, हे एकदा अनुभवलं. तेव्हापासून निम्मे बुकिंगला, चाळीस टक्के पंधरा दिवस आधी आणि शेवटचे दहा टक्के हळदीच्या सकाळी. हळदीला सगळे खुशीत असतात.

कमिशनबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण नव्या मुली मला हेच सगळ्यात जास्त विचारतात. पहिल्याच वर्षी एका केटररने सांगितलं, "ताई, पानामागे वीस रुपये तुमचे." 800 पानं होती, म्हणजे 16,000. माझी अख्ख्या लग्नाची फी 25,000. मी घेतले. सगळे घेतात, असं स्वतःला समजावलं. लग्नाच्या दिवशी पुऱ्या गार, मठ्ठा संपलेला आणि वाढपी कमी. मी भटारखान्यात गेले आणि तोंडातून शब्दच फुटेना. ज्याच्याकडून पाकीट घेतलं, त्याच्यावर आवाज कसा चढवणार? त्यालाही ते ठाऊक होतं. तो गालात हसत होता. त्यानंतर ठरवलं: फी एकरकमी, लेखी, आणि कुणी सूट दिली तर ती यजमानांच्या बिलात. यामुळे माझी फी इतरांपेक्षा जास्त दिसते आणि काही लोक फोन ठेवून देतात. ठेवू देत.

मग कोरोना. हातातली सात लग्नं गेली, त्यातल्या पाचांचे ॲडव्हान्स परत करावे लागले. एप्रिल 2021 मध्ये लग्नाला 25 माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली, मोडली तर 50,000 रुपये दंड. तशी चार लग्नं मी केली, जवळजवळ फुकटात. पण दोन तासांत सगळं बसवायचं म्हणून गुरुजींसमोर वही घेऊन बसले. कुठला विधी किती मिनिटांचा, कुठला आधी घरी उरकता येतो, लाजाहोमाला काय लागतं, सप्तपदीच्या तांदळाच्या राशी कोण मांडणार. तोवर मी विधींना "गुरुजींचा तास" म्हणून रनशीटवर एकच मोठा चौकोन काढत असे. गुरुजी म्हणाले, "वीस वर्षांत मॅनेजमेंटवाल्यांपैकी कुणी पहिल्यांदाच विचारतंय." आता त्या चौकोनाच्या अकरा ओळी झाल्यात आणि समिधा कुठल्या पिशवीत आहेत हे मला माहीत असतं.

चातुर्मासात आमच्या धंद्याला उपास. पंचांगात गौणकाळातले मुहूर्त असतात, पण साताऱ्या-कराडकडे ते फार कुणी धरत नाही. 2023 ला तर अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. तेव्हा नाइलाजाने कंपन्यांची कामं शोधली आणि पिंपरीत एका डीलर मीटचं मिळालं. वेगळंच जग. तिथे भावजी रुसत नाहीत, पण ईमेलला दोन तासांत उत्तर लागतं. पहिल्या बिलातून टीडीएस कापून पैसे आले, तर मी फोन करून भांडले, "तुम्ही पैसे कमी पाठवलेत." पलीकडचा अकाउंटंट शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते तुमच्याच पॅनवर जमा झालेत, रिटर्न भरा." त्याच आठवड्यात सीए गाठला. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीची आहे आणि यजमानांचे पैसे माझ्या खात्यातून पुढे केटररला गेले तर गोंधळ होऊ शकतो, हे तिथे कळलं. आता यजमान प्रत्येकाला थेट पैसे देतात. माझ्या खात्यात फक्त माझी फी.

लग्नाआधीच्या संगीताच्या कार्यक्रमाचं एक राहिलं. रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. "आमच्या ओळखीचे आहेत चौकीत" हे वाक्य मी इतक्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय! मी मान डोलावते आणि घरच्यांना कार्यक्रम साडेपाचचा सांगते. आठला सगळे खाली उतरतात. दोन तास पुरतात.

आणि 2019 पासून माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये केटररसाठी एक ओळ असते: मुहूर्ताआधी दीड तास कामगारांची पंगत, मंडपाच्या मागे, बसून, तेच जेवण. साउंडवाले, वायरमन, रांगोळीवाल्या, जनरेटरवाले, सगळे. बहुतेक केटरर कुरकुरतात, "वऱ्हाडाआधी कामगार?" यजमानांनाही कधी कधी पटत नाही. एका आजींनी तर नैवेद्य दाखवायच्या आधी कसं वाढता म्हणून अडवलं होतं, तेव्हा नैवेद्याची वेळच अलीकडे घेतली. मामा अजूनही माझ्याकडेच येतात. गाडी लावली की आधी तेलाची काडी बघतात, मग टोपी सीटवर ठेवतात आणि विचारतात, "ताई, ताट किती वाजता?"