एकाच शटरची दोन गोल कुलपं

गोदामाची कुलपं उघडायला मला बोलावताना ताईंनी फोनवरच निदान सांगून टाकलं होतं. "दोन्ही डिस्कवाली आहेत हो. कालच एक जण बघून गेला, म्हणाला ही उघडत नाहीत, कापावीच लागतील." डिस्कवाली म्हणजे आत पिनांऐवजी फिरणाऱ्या चकत्या असलेली. फोटोही पाठवला होता. गोदामाच्या शटरला दोन बाजूंना दोन कुलपं, गोल, स्टेनलेस स्टीलची, अगदी एकसारखी. फोटो समोरून काढलेला, आणि या आकाराच्या कुलपात किल्लीचं भोक असतं खालच्या कडेला. म्हणजे मला बघायचं होतं तेच नेमकं फोटोत नव्हतं.

जाऊन आधी कागद बघितले. गोदाम त्यांच्याच नावावर आहे हे पटल्याशिवाय मी पिशवीची चेन उघडत नाही. समोरचा कितीही घाईत असला तरी नाही.

हा गोल आकार मुळात कडी झाकण्यासाठी असतो. कडीचा जेमतेम बोटभर भाग बाहेर राहतो, त्यामुळे कटरचा जबडा तिथे बसतच नाही. अबुस या जर्मन कंपनीच्या 'डिस्कस' कुलपाने हा आकार जगभर नेला, आता डझनभर कंपन्या तो काढतात. पण बाहेरच्या गोल कवचावरून आत काय आहे ते कळत नाही. खुद्द डिस्कसमध्ये बहुतेक वेळा साध्या स्प्रिंगवाल्या पिना असतात. उलट त्याच कंपनीचं 'ग्रॅनिट' दिसायला अजिबात गोल नाही, आणि फिरणाऱ्या चकत्या असतात त्यात. आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा इथे फसतात. कालचा माणूसही कवच बघूनच परत गेला असणार.

मी शटरपाशी उकिडवा बसलो आणि टॉर्च पहिल्या कुलपाच्या भोकात मारला. नागमोडी फट, आणि तिच्यात पितळी पिनेचं टोक लकाकलं. बारीक तारेने ते दाबलं, सोडलं, तसं ते टुणकन परत आलं. स्प्रिंग आहे, म्हणजे हे पिनांचं कुलूप.

दुसऱ्याचं भोक अर्धचंद्रासारखं, एक बाजू सपाट. आत पातळ चकत्या एकीला एक लागून रचलेल्या दिसत होत्या, एकावर एक ठेवलेल्या वॉशरांसारख्या. तारेने पुढची चकती ढकलली. ती अलगद फिरली आणि जिथे सोडली तिथेच राहिली. परत यायला तिला स्प्रिंगच नाही. माझ्या लेखी ओळख इथेच संपते. नंतर ताईंच्या ड्रॉवरमध्ये याच कंपनीच्या एका जुन्या कुलपाची किल्ली सापडली. तिला करवतीसारखे दात नव्हते, अर्धगोल दांड्यावर वेगवेगळ्या कोनांत तिरके काप होते. किल्ली हाताशी असेल तर भोकात डोकवायचीही गरज नाही.

पहिलं कुलूप ताई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या तेवढ्यात उघडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पिना ढिल्या होत्या, रेकने, म्हणजे पिना एकदम चाळवायच्या दातेरी तारेने, दोन-चार झटके दिले आणि झालं.

"मग दुसरंही होईल की लगेच," ताई म्हणाल्या. माझ्यासोबतचा पोरगा माझ्याकडे बघून हसला.

चकत्यांचं हे तंत्र १९०७ साली फिनलंडमध्ये एमिल हेन्रिकसन या मेकॅनिकने शोधलं. अब्लॉय या फिनिश कंपनीच्या कुलपांची सुरुवात तिथून. प्रत्येक चकतीच्या काठाला एक खाच असते. किल्ली फिरवली की प्रत्येक चकती आपापल्या कोनात वळते, सगळ्या खाचा एका रेषेत येतात, त्यांत आडवी पट्टी बसते, आणि मग आतला गाभा फिरतो. एक चकती जरी जरा कमी-जास्त वळली तरी पट्टी बाहेरच. आत स्प्रिंग नसल्यामुळे धूळ, गंज, थंडी यांचा त्रास कमी, आणि बंप-की ठोकून पिना उडवायची युक्ती तर इथे लागूच पडत नाही. उडवायला पिनाच नाहीत.

यासाठी पिक, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायचं हत्यार, तेही वेगळं लागतं. बाहेरची नळी एका चकतीला धरून ताण, म्हणजे गाभा फिरवायचा हलका जोर, देते, आतली दांडी बाकीच्या चकत्या एकेक करून फिरवते. स्वस्त चकतीवाल्या कुलपांत पुढच्याच चकतीवर ताण घेता येतो, खाचा ऐसपैस असतात, आणि सराव असलेला माणूस ती काही मिनिटांत उघडतो. तेवढ्यावरून चकतीवालं कुलूप काहीच अवघड नाही असं सांगणारे असतात. त्यांनी चांगल्या बनावटीचं एखादं हातात घेऊन बघावं.

हे त्यातलंच निघालं. पुढच्या चकतीवर ताण दिला तर ती नुसतीच गरगर फिरली. म्हणजे ताण मागच्या चकतीवर घ्यायचा. पिकचं टोक बदललं, पार आत नेलं. आता एक चकती अडकल्यासारखी लागली, ती हळूच फिरवली, गाभा केसभर सरकला. पुढची घेतली, पुन्हा केसभर. मग सगळं थांबलं.

हीच खोट्या खाचांची करामत. चकतीच्या काठावर खऱ्या खाचेशिवाय उथळ खाचाही कोरलेल्या असतात. पट्टी त्यांत जराशी उतरते, बोटांना वाटतं जमलं, आणि प्रत्यक्षात ती चकती चुकीच्या कोनात असते. कुठली खरी आणि कुठली खोटी हे ताण किंचित सैल करून, एकेक चकती हलकेच हलवून बघावं लागतं. खोट्या खाचेतली चकती आणि खरीतली चकती हलवताना बोटांना वेगवेगळी लागते. हा फरक इतका बारीक की मी पोराला शटरपाशी मालाची खोकी रचायचंही बंद करायला लावलं.

"साहेब, ड्रिल मारूया ना सरळ," तो म्हणाला. तोंडाशी कडक स्टीलची पट्टी असेल तर ड्रिलचं बिट जळतं आणि दिवसही जातो. शिवाय ताईंना कुलूप शाबूत हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते तसंच उघडायचं होतं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा गाभा फिरला. ताईंना वाटलं याहून भक्कम काही नसेल. मी म्हटलं, आहे. अब्लॉयच्या प्रोटेकमध्ये गाभा जरासा फिरला की चकत्या जागीच अडकतात, मग एकेक चकती चाचपायची ही सगळी पद्धतच बाद होते. तसलं कुलूप आणलंत तर मला बोलावू नका.

कडी सुटल्यावर आतला स्क्रू दिसला. गाभा बाहेर काढून चकत्या क्रमाने फडक्यावर मांडल्या, एकेकीचा कोन वहीत उतरवला. यावरून नवी किल्ली होते, फक्त ती कोनात कापावी लागते आणि नेहमीचं किल्ली कापायचं मशीन इथे चालत नाही. कोरी किल्लीही मागवावी लागली. तोवर दोन्ही बाजूंना माझ्याकडची तात्पुरती कुलपं लावली. पहिलं गोल कुलूप ताईंनी पोराला देऊन टाकलं, सरावासाठी.