ठिय्यावरचा माणूस

दर बुधवारी संध्याकाळी मोहननगरात एका घरी आमचा बायबल अभ्यास असतो. मी पाळक, त्यामुळे तयारी माझ्याकडे. त्या आठवड्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय होता, येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. मालक सकाळपासून पाचपर्यंत मजूर लावत राहतो आणि शेवटी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. आदल्या रात्री दोन जाडजूड कॉमेंटऱ्या, म्हणजे बायबलवरची भाष्यं, घेऊन बसलो.

टिपणं झकास निघाली, खोटं कशाला बोलू. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. ती सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (24:15) सांगतं. म्हणून संध्याकाळ होताच मालक कारभाऱ्याला वाटप करायला लावतो. खरी किल्ली मात्र मागच्याच अध्यायात, 19:27 मध्ये. आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार, असं येशूचा शिष्य पेत्र विचारतो. हा दाखला त्याच बोलण्याच्या ओघात येतो. अध्यायांची वाटणी तेराव्या शतकातली. आपण मात्र विसाव्या अध्यायापासून सुरुवात करतो आणि पेत्र मागेच राहतो.

हे सगळं सांगून झालं. मग बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, ‘‘पाच वाजता आलेले ते आळशी, तरी त्यांनाही पूर्ण दिनार!’’

बांधकामावर जाणारी एक मावशी दाराशी बसली होती. एरवी ती बोलत नाही.

‘‘पास्टरजी, तुम्ही कधी ठिय्यावर उभे राह्यले काय जी?’’

ठिय्या म्हणजे मजूर कामाची वाट बघत उभे राहतात ती जागा. मी नाही म्हणालो.

‘‘सकाळी सातला डबा घेऊन उभं राहा लागते. ठेकेदार येते, जवान पोट्टे घेऊन जाते. दहा वाजले का समजते, आज काही खरं नाही. पण घरी कोन्त्या तोंडानं जावं? लेकरं इचारते, आई लवकर कशी आली? पाचपर्यंत उभा राह्यला तो आळशी कसा?’’

मी पुन्हा सातवं वचन काढलं. आम्हाला कोणी कामावर लावलं नाही, एवढंच ते म्हणतात. रात्री त्याच वचनाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

कोणी काही बोलेना. चहा आला. कपात बिस्किट बुडवता बुडवता मावशीच म्हणाली, ‘‘पन एक सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मालकाकडे कोन गेलं असन? सारे पाचलेच आले असन न!’’

सगळे हसले. घरी येऊन मी दोन्ही कॉमेंटऱ्या पुन्हा चाळल्या. त्या दुसऱ्या दिवसाबद्दल एक ओळ नाही.