वाकडा गंधार

आमच्या गोठ्यामागं ३ इंची पीव्हीसी पाईपांचे तुकडे पडून असतात. विहिरीपासून वावरापर्यंत लाईन टाकताना उरलेले, काही उन्हानं तडकलेले, काही बैलाच्या पायाखाली आलेले. आमच्याकडं भंगार कोणी फेकत नाही. ‘लागते कधी’ हा त्यावरचा कायमचा शेरा. मला ते लागलं एप्रिलातल्या एका दुपारी. विंचू दिसला म्हणून पायातली रबरी चप्पल काढली, तर तो पाईपात शिरला. मी चिडून पाईपाच्या तोंडावरच चप्पल हाणली आणि आतून ‘ढुम्म’ असा आवाज आला. गोल, भरीव, सुरातला. विंचवाचं पुढं काय झालं मला माहीत नाही, कारण मी दुसरा तुकडा शोधायला गेलो होतो.

गावात भजन मंडळ आहे. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्यापासून लांब नाही, त्यामुळं खंजिरी इथं घरोघरी. ३० एप्रिलला महाराजांची जयंती, म्हणजे ग्रामजयंती, असते आणि त्या संध्याकाळी मंडळाला काहीतरी नवं वाजवायचं असतं. ‘नवं’ म्हणजे आजवर फक्त नवी चाल. मी म्हटलं, पाईप वाजवू.

वडलांनी मला हॅक्सॉ घेऊन बसलेलं पाहिलं. “काय करून राह्यला बे?” मी म्हटलं, “षड्ज कापतो, म्हणजे सा.” ते पुढं काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चांगले पाईप मोजून घरात नेऊन ठेवले.

कापायला बसल्यावर कळलं की वेडेपणालाही फूटपट्टी लागते. साधारण ४ फुटांच्या नळीवर चप्पल मारून लगेच उचलली की पेटीवरची काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सूर, बोलते. मारून तशीच दाबून ठेवली तर सूर जवळजवळ एक सप्तक खाली जातो, कारण नळीचं एक तोंड बंद झालेलं असतं. म्हणजे एका नळीत दोन षड्ज, फुकटात. मग तार षड्जासाठी, म्हणजे वरच्या ‘सा’साठी, मी मोठ्या ऐटीत बरोबर अर्धी, २ फुटांची नळी कापली. ती उतरलेली वाजली. पुन्हा मोजली, २ फूटच. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं: आतली हवा नळीच्या तोंडाशी थांबत नाही, थोडी बाहेर येऊनही हलते. हा बाहेरचा हिस्सा नळी अर्धी केली तरी अर्धा होत नाही. त्यामुळं नळी इंचभर आणखी कापावी लागली. साधं, सरळ भजन बसवताना आम्ही इतकं बारीक कधी ऐकलं नव्हतं. ‘चालते’ म्हणून पुढं जायचो. वात्रटपणा करायला निघालो आणि कान लावून बसायची वेळ आली.

हे आपल्याकडं काही नवं नाही. मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदिये बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचं वाद्य केलं होतं. बंदुकीसमोर माझा पाईप म्हणजे अगदीच अहिंसक.

अडचण आली ती चपलेची. देवळात, फोटोसमोर, पेटीशेजारी चप्पल? मंडळातले काकाजी उठून उभेच राहिले. बॅडमिंटनची रॅकेट, कार्डबोर्ड, सुपाचा तुकडा, सगळं मारून पाहिलं. फटफट आवाज यायचा, ‘ढुम्म’ नाही. चपलेचं रबर जसं तोंडावर चपखल बसून हवा आत ढकलतं, तसं दुसरं काही करेना. शेवटी निकाल आजीनं दिला. बाजारातून नवी कोरी जोडी आणायची, कोणी पायात घालायची नाही. “पायात गेली नाई तवरिक थे रबरच व्हय.” काकाजींनी मान हलवली, पण एक अट घातली: पट्टे काढून टाकायचे. मग ती दोन रबरं हळदकुंकू लावून पेटीच्या खोक्यात ठेवली गेली. एवढा मान माझ्या कोणत्याही चपलेला मिळालेला नाही.

ग्रामजयंतीला वाजलं झकास. पोरं हसली, बायांनी पदर तोंडाला लावले, तिसऱ्या कडव्याला सगळे ठेका धरून होते. खरी फजिती झाली जानेवारीत, सप्ताहातल्या काकड्याला.

पहाटे चारची वेळ, हाडं वाजवणारी थंडी. पेटी काळी एकवर, पाईप भलतीकडंच. अख्खी पट्टी घसरलेली. मी नळ्या उलट्यासुलट्या केल्या, फुंकर मारून आत कोळ्याचं जाळं आहे का पाहिलं. जाळं नव्हतं. हवा थंड होती, एवढंच. हवेतल्या आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं बदलतो. आमच्या एप्रिलातले ४३ अंश आणि त्या पहाटेचे १०, हिशेब केला तर २० मीटरचा फरक. उन्हाळ्यातल्या सेकंदाला ३५७ मीटरपैकी २० म्हणजे साडेपाच-सहा टक्के, आणि पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी एकमधलं अंतर साधारण तेवढंच. थोडक्यात, विदर्भाचा उन्हाळा आणि हिवाळा यांच्यात एक पट्टी बसते. कोकणात माझी फजिती एवढी झाली नसती.

पेटीवाल्यानं पांढरी एकवर यायला साफ नकार दिला. “पांढरी एकवर पोट्टे शिकतात.” मी म्हटलं, नळ्या दीड ते तीन इंच कापतो. वडील मागून म्हणाले, “मंग उन्हाळ्यात काय जोडशील?” तेव्हा काकाजी, जे चपलेला सर्वांत जास्त विरोध करत होते, घोंगडीतून तोंड काढून बोलले, “सकाळी गळाबी उतरते, पाईपबी उतरला, मंग बिघडलं काय?” पेटीवाला कुरकुरत एक पट्टी खाली आला. गाणाऱ्यांना खरंच सोपं गेलं, हे त्यानं अजून कबूल केलेलं नाही.

आमच्या डफडंवाल्याला मात्र दुसराच उपाय दिसला. डफडं शेकल्याशिवाय वाजत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक. पाईपही शेकोटीपाशी धरावा, हवा गरम होईल, सूर चढेल. तर्कात काही खोट नव्हती. त्यानं गंधाराची, म्हणजे ‘ग’ची, नळी आगीजवळ टेकवून ठेवली आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा नळी मधोमध केळ्यासारखी वाकलेली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ती गार होऊ दिली, रबर उचललं आणि मारलं. आत हवेची लांबी होती तेवढीच होती. गंधारच बोलला. डफडंवाला म्हणाला, “पाय, म्या काय बिघडवलं?”

ती नळी अजून मंडळात आहे. बाकीच्या सात सरळ, त्यामुळं अंधारातही हाताला लागते. नव्या पोरांना आम्ही स्वर दाखवतो तेव्हा ती तिथूनच मोजायला सुरुवात करतात: वाकड्याच्या अलीकडचा, वाकड्याच्या पलीकडचा.