तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडा कुठला राखायचा?

"ताई, कुठल्या कोंबडीला कुठला कोंबडा लावायचा हे तुम्ही कसं ठरवता?" बाजारात गावठी अंडी घेऊन बसले की हा प्रश्न हमखास येतो, फोनवरही येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की आपल्याकडे कोकणात बहुतेक घरांत जोड्या कुणी ठरवतच नाही, त्या आपोआप ठरतात आणि ठरतात त्या उलट्या. बघा ना, आषाढात गटारी आली की खुराड्यातला सगळ्यात वजनदार कोंबडा पहिला जातो. राखणदाराला, म्हणजे गाव-घर राखणाऱ्या देवाला द्यायचा तोही चांगलाच हवा. मे महिन्यात चाकरमानी आले, वडे-सागोती करायची, की परत मोठ्यावरच हात. मग मागे उरतो कोण, तर जो कुणाच्या डोळ्यात भरला नाही तो, आणि पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच! भाताचं बी आपण असं राखतो का? चांगल्या लोंब्या आधी बाजूला काढतो आणि उरलेलं खातो. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र पिढ्यानपिढ्या चांगलं खाऊन टाकतो आणि मग म्हणतो गावठी जात बारीक झाली.

म्हणून मी गटारीच्या आधीच राखायचा कोंबडा ठरवते, त्याच्या पायात रंगीत चिंधी बांधते आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवते की याला कुणी हात लावायचा नाही.

तो निवडताना मी आधी त्याची आई बघते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असतो, म्हणजे प्रत्येक पिल्लात अर्धं रक्त त्याचंच, पण अंडी कशी पडतील, त्याच्या पोरी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, नीट बसतील का, हे त्याच्याकडे बघून कसं कळणार? ते त्याच्या आईकडे आणि बहिणींकडे बघूनच कळतं. आई अशी हवी की जी एकवीस दिवस अंड्यांवर टिकून बसली, आणि पिल्लं बाहेर काढल्यावर घार दिसताच त्यांना पंखाखाली घेते. मग कोंबड्याचं स्वतःचं बघायचं. पाय सरळ, छातीचं हाड वाकडं नको, डोळे तेजदार. आणि दाणे टाकून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्यांना खाऊ देतो, मधेच मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळ बघतो. जो सगळ्यांना हाकलून एकटाच खातो तो दिसायला कितीही देखणा असो, मी ठेवत नाही.

कोंबड्या निवडायच्या तर रात्री, त्या शांत बसलेल्या असतात तेव्हा हातात घेऊन. शेपटीखाली दोन बारीक हाडं लागतात, त्यांच्यात दोन-तीन बोटं आरामात मावली तर ती अंड्यावर आहे, एकच बोट मावलं तर सध्या अंडी बंद. नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका. तलंगेची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबडीची, पहिली अंडी लहान असतात, ती खाऊन टाका, उबवायला नको. माझा भरवसा दुसऱ्या वर्षाच्या कोंबडीवर, जिने एकदा तरी पिल्लं वाढवली आहेत.

आता नात्याचं. बाप-लेक किंवा सख्खे भाऊ-बहीण यांची जोडी लावली तर पिल्लांत एकाच झटक्यात २५ टक्के रक्त एकवटतं, म्हणजे आईकडून आणि बापाकडून तेच ते येतं. अंडी कमी फुटतात, पिल्लं मरतुकडी निघतात, आणि लोकांना वाटतं कुणाची नजर लागली. उपाय अगदी साधा आहे, दरवर्षी दुसऱ्या वाडीतल्या कुणाशी तरी कोंबड्यांची अदलाबदल करायची. आलेला कोंबडा दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा, मानमोडी, कोंबड्यांचा तो जीवघेणा रोग, अशीच शिरते घरात. आणि जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबा, कारण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, तेवढ्यात पडलेली अंडी नव्याची समजून बसवलीत तर हिशोब चुकला.

उलट्या पिसांची कोंबडी असेल तर तिला उलट्या पिसांचाच कोंबडा लावू नका, साधा लावा. दोन्ही उलटे असले तर साधारण चारातल्या एका पिल्लाची पिसं इतकी ठिसूळ होतात की गळून अंग उघडं पडतं, पावसात ते टिकत नाही. उघड्या मानेच्या कोंबड्यांचं तसं काही भय नाही, उलट उन्हाळा त्या छान काढतात, त्यांना मी मुद्दाम राखते.

गिरीराज, वनराजा का लावत नाही असंही विचारतात. त्या जाती वाईट नाहीत, मांसासाठी, अंड्यासाठी जरूर पाळा. पण त्या मुळातच संकर करून तयार केलेल्या, त्यामुळे त्यांच्या पिल्लांत सारखेपणा राहत नाही आणि खुडूक बसायची सवय जवळजवळ गेलेली. ते रक्त माझ्या खुराड्यात आलं तर मशीनशिवाय पिल्लं काढणार कोण? शिवाय तो जड कोंबडा आपल्या सव्वा किलोच्या कोंबडीच्या पाठीवर चढला की तिची पाठ सोलवटून निघते.

अंडी मी पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमाराला बसवते, ओल्या हवेत पिल्लं फार मरतात. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, मध्यम आकाराची, निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवलेली, कोंबडीच्या अंगाखाली मावतील तेवढी, दहा-बारा. अंड्यावर पेन्सिलने आईची खूण करते, आणि पिल्लं निघाली की त्यांच्या पायात दोरा.

कोंबडा विकत मागायला येऊ नका, मी विकत नाही. तुमच्या वाडीतला चांगला, चांगल्या आईचा कोंबडा घेऊन या आणि माझा घेऊन जा. फक्त गटारीच्या आधी या.