वीस जादा क्रेडिट

माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटवर शाखेच्या नावासोबत एक जादा शब्द छापलेला आहे: ऑनर्स. त्या एका शब्दात माझी दोन वर्षं, आठ कोर्स आणि परीक्षा फीचे आठ हजार रुपये गेले. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात त्याचा अर्थ फक्त पप्पांनी विचारला. "यानं पगार वाढते का?" मी म्हटलं, माहीत नाही. "मंग कर," म्हणाले. माझ्या 'माहीत नाही'वरून त्यांचं 'मंग' कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही.

पप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. केळीचा पट्टा, त्यामुळे विहिरी आणि बोअर भरपूर आणि जळणाऱ्या मोटारीही भरपूर. मी २०२० ला जळगावच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला तो दुकानातल्या वार्निशच्या वासामुळेच. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाची नियमावली चाळताना एक परिच्छेद सापडला. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद. तिच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या पदवीला १६० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या मापाची एककं, धरलेत, आणि त्यावर आणखी २० मिळवले तर ऑनर्स, असं त्यात आहे. हे वीस ऑनलाइन कोर्समधूनही मिळवता येतात. आमच्या विद्यापीठाची अट अशी, की चौथ्या सेमिस्टरपर्यंत सीजीपीए (दहापैकी सरासरी) साडेसातच्या वर हवा आणि एकही विषय राहिलेला नको.

कॉलेजच्या ऑफिसात गेले तर तिथले क्लार्क भाऊसाहेब म्हणाले, "ऑनर्स बीए-बीएस्सीला असतं, ताई. इंजिनिअरिंगला नसतं." त्यांचा दोष नव्हता, आधी कुणी मागितलंच नव्हतं. नियमावलीच्या त्या पानाची झेरॉक्स काढून, ओळीवर पिवळी खूण करून पुन्हा गेले. त्यांनी विभागप्रमुखांकडे पाठवलं, मॅडमनी प्राचार्यांकडे, प्राचार्यांनी परीक्षा विभागाकडे आणि परीक्षा विभागाने परत भाऊसाहेबांकडे. तीन आठवडे गेले. शेवटी मॅडमनीच एक साधा अर्ज लिहून घेतला आणि त्यावर आवक क्रमांक टाकून घ्यायला सांगितलं. पुढे हा आवक क्रमांकच मला वाचवणार होता, तेव्हा मात्र मला ती मॅडमची उगाच कटकट वाटली.

वीसचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर, बारा आठवड्यांच्या कोर्सला तीन क्रेडिट, आठ आठवड्यांच्याला दोन, चार आठवड्यांच्याला एक. म्हणजे बारावाले सहा आणि आठवाला एक. नाव नोंदवणं आणि व्हिडिओ बघणं फुकट, परीक्षेला मात्र तेव्हा कोर्समागे हजार रुपये. शंभरातले २५ मार्क दर आठवड्याच्या असाइनमेंटचे, बारापैकी उत्तम आठ धरतात. उरलेले ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. घरी बसून असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी मिळवून परीक्षेत आपटलेले माझ्याच वर्गात चार जण होते.

जुलै २०२२ ला पहिले दोन कोर्स घेतले. गाव ते भुसावळ, भुसावळ ते जळगाव असं माझं रोजचं अपडाउन होतं. जाताना एसटीत व्हिडिओ, येताना झोप. असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री बाराला संपायची, आणि बुधवारी रात्री आमच्याकडची लाइट हमखास गेलेली. मी गच्चीवर, आईच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन, एका हाताने डास मारत पर्याय निवडायचे. खालून आजी ओरडायची, "नवरा रागावला का वं तुह्या, एवढ्या राती फोन?" लग्नच झालेलं नव्हतं, पण आजीला टोमणा महत्त्वाचा.

इंग्रजीचं लोक फार घाबरवतात. माझा अनुभव उलटा आहे. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, खाली अक्षरं येतात. वर्गात सर फळा पुसून टाकतात तेव्हा काय थांबवणार? अडचण एकटेपणाची होती. प्रश्न पडला तर चर्चेच्या पानावर लिहायचा आणि उत्तराची वाट बघायची. कुठल्या कुठल्या राज्यातली मुलं तिथे "प्लीज एक्स्टेंड डेडलाइन" एवढंच लिहीत असायची.

परीक्षेचं केंद्र नाशिकला मिळालं. दिवाळी नुकतीच झालेली. भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसलो, मी आणि पप्पा, सोबत उरलेला फराळ आणि कळण्याच्या भाकरी. सकाळी नऊ ते बारा एक पेपर, दुपारी दोन ते पाच दुसरा, दोन्ही कॉम्प्युटरवर. पप्पा दिवसभर गेटबाहेर रसवंतीच्या बाकावर बसून होते. संध्याकाळी पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. "इथल्या रसवंतीची मोटार आवाज करते, बेरिंग गेली तिची," एवढंच म्हणाले.

सहा सर्टिफिकेटं हातात घेऊन मी सातव्या सेमिस्टरला ऑफिसात गेले. दोनवर 'इलाइट' हा चांगल्या मार्कांचा शिक्का होता, एकवर त्याहून वरचा 'इलाइट' आणि 'सिल्व्हर'. माझ्या हिशोबाने अठरा क्रेडिट झाले होते, राहिले दोन. आठ दिवसांनी निरोप आला, पंधराच धरले. पहिल्या दोन कोर्सांतला इलेक्ट्रिकल मशीन्सचा कोर्स आमच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाशीच जुळत होता, आणि एकाच विषयाचे क्रेडिट दोनदा मिळत नाहीत. नियम बरोबरच आहे. पण कोर्स घेण्याआधी यादी मंजूर करून घ्यायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उरलेले पाच कोर्ससुद्धा गेले असते, कारण मंजूर यादी कुठेच नव्हती. तेव्हा मॅडमनी आवक क्रमांकाचा तो जुना अर्ज काढायला लावला. त्यात सातही कोर्सांची नावं मी लिहिली होती आणि कुणीही हरकत घेतलेली नव्हती. पाच वाचले, मशीन्सचा गेला तो गेलाच. त्या रात्री जेवले नाही. सकाळी उठून आठव्या सेमिस्टरसाठी दोनऐवजी पाच क्रेडिट भरले, एक बारा आठवड्यांचा आणि एक आठ आठवड्यांचा.

त्याच सेमिस्टरला प्रोजेक्ट होता. मैत्रिणी इंटर्नशिपला पुण्याला गेल्या. मी सरांना विचारलं, मी गावातच राहून स्वतःचा अभ्यास करू का? शेतातल्या मोटारी का जळतात, हा. सर म्हणाले, एक पान लिहून आण. आणलं. त्यांनी त्यातलं निम्मं खोडलं, कारण मी सरकारचं वीज धोरणही सुधारायला निघाले होते. उरलं ते एवढंच: दुकानात येणारी प्रत्येक मोटार उघडताना बघायची, नोंदवायची आणि कारण शोधायचं. दर शनिवारी दोन पानं हाताने लिहून द्यायची, टाइप केलेली चालणार नाहीत. सरांना माझं अक्षर बघायचं नव्हतं, मी कॉपी-पेस्ट करू नये एवढंच होतं. चार महिन्यांत ती बत्तीस पानं झाली, आणि प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातूनच निघाला.

पप्पांना मोटार उघडली की कारण दिसतं. तीन फेजच्या कॉइलपैकी दोन काळ्या आणि एक कोरी असेल तर ते म्हणतात, "एक फेज गेली होती." पुस्तकात हेच सिंगल फेजिंग म्हणून आहे. एक तार तुटली किंवा फ्यूज उडाला, तरी फिरती मोटार थांबत नाही. तेवढाच भार उरलेल्या दोन तारांवर ओढते, करंट हिशोबाने साधारण १.७३ पट होतो आणि वाइंडिंग तापून जळतं. स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही कॉइलची टोकं एका बिंदूत जोडलेली असतात तेव्हा, दोन फेज जळतात, एक वाचते. डेल्टात, म्हणजे त्रिकोणी जोडणीत, उलट, एक जळते, दोन वाचतात. डेल्टाचं हे मी पप्पांना कागदावर सोडवून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "मले वाटे तशी मोटार भरतानाच कच्ची राह्यली असंल." म्हणजे इतकी वर्षं डेल्टाच्या जळलेल्या मोटारींचा दोष ते आधीच्या कारागिराला देत होते.

दुसरं कारण सगळ्या गावाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. थ्री-फेज लाइट नसते तेव्हा कंडेन्सर (कपॅसिटर) लावून दोन फेजवर मोटार चालवायची. केळीला उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही, पारा चव्वेचाळीसच्या वर असतो. माझ्या रजिस्टरात 'कारण' या रकान्यात शेतकरी स्वतः सांगायचा ते मी डावीकडे लिहायचे, आणि पप्पा सांगायचे ते उजवीकडे. दोन्ही बाजू क्वचितच जुळल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट उघडलाच नाही. मी पिशवीत जळालेल्या कॉइलचा गुंडाळा नेला होता, तो हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही कुठली जोडणी?" मी म्हटलं, स्टार. "कशावरून?" इथून पुढची वीस मिनिटं माझ्या चार वर्षांतली सगळ्यात मजेची होती.

आता मामेभाऊ बीएस्सीला आहे, तो नव्या शैक्षणिक धोरणातला. त्याच्या वेळी ऑनर्स म्हणजे सरळ चौथं वर्ष. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च, त्यात संशोधनाचा प्रकल्प. त्याने विचारलं, अवघड आहे का? मी त्याला आधी अर्ज करून आवक क्रमांक घ्यायला सांगितलं, आणि कोर्सची यादी लेखी मंजूर करून घ्यायला. तो हसला. हसू दे.

रजिस्टर दुकानातच आहे. पप्पा अजून भरतात, पण डावा रकाना त्यांनी बंद केला. "लोकं खोटं सांगतात," म्हणाले, "मोटार नाही सांगत." उजव्या रकान्यात परवा मी बघितलं, सलग चार ओळींत एकच शब्द होता: कंडेन्सर, कंडेन्सर, कंडेन्सर, उंदीर... नाही, चौथी ओळ उंदराची होती. त्याने केबल कुरतडली होती.