शेरळ की बार्बाटा? पेरावरच्या नळीवरून ओळख: ऑक्टोबरपर्यंतची नोंद

यंदा पावसाळा ओसरल्यापासून गोव्यातल्या पाणथळ जागांवरचे पर्सिकेरिया आणि पॉलिगोनम (एकमेकांसारख्या दिसणाऱ्या रानवनस्पतींच्या दोन प्रजाती, म्हणजे जीनस) वेगळे करण्याचं काम चालू आहे. जुन्या पुस्तकांत हे सगळे पॉलिगोनम नावाखालीच सापडतील, त्यामुळे शोधताना दोन्ही नावांनी शोधा. आपला आंबट चुका याच कुळातला.

फुलाचा रंग आणि पानावरचा काळपट डाग या दोन गोष्टींवर विसंबून राहिलं की ओळख हमखास चुकते. गुलाबी तुरा वाळला की पांढरट दिसतो, आणि एकाच झाडाच्या काही पानांवर डाग असतो, काहींवर नसतो. खरी ओळख पेरावर असते. पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे खोडाला वेढून बसलेली पातळ, कागदासारखी नळी असते, ती ओक्रिया. जोड-उपपर्णं एकत्र येऊन ती बनते. शेंड्याकडून दुसरं-तिसरं पेर घ्या. खालच्या पेरांवरच्या नळ्या फाटलेल्या असतात, त्यांचे केस गळून गेलेले असतात, आणि तिथेच नवखा फसतो. १० पट भिंग आणि मिलिमीटरची पट्टी एवढं सामान पुरतं.

पर्सिकेरिया ग्लाब्रा, म्हणजे शेरळ: नळी दीड ते तीन सेंटीमीटर, गुळगुळीत, वरची कड सरळ कापल्यासारखी आणि कडेला एकही केस नाही. खोड लालसर, पान भाल्यासारखं, तुरे गुलाबी. बी दोन्ही बाजूंनी फुगीर, मसुराच्या दाण्यासारखं.

पर्सिकेरिया बार्बाटा: नळी साधारण तेवढीच, पण अंगावर दाट केस, आणि कडेचे केस दीड-दोन सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ नळीइतकेच लांब. फुलं पांढरी, बी तीन धारांचं, काळं, चकचकीत. यात एक मेख आहे. पाऊस किंवा दव असेल तर हे केस ओले होऊन खोडाला चिकटतात आणि नळी गुळगुळीत भासते. सकाळी आठच्या आत केलेली ‘ग्लाब्रा’ची नोंद म्हणून पुन्हा तपासायलाच हवी. पेर मऊ कापडाने टिपा, दोन मिनिटं वाऱ्याला धरा, मग मागे काळी छत्री धरून फोटो काढा. उजेड आडवा पडला की एकेक केस वेगळा दिसतो.

पर्सिकेरिया हायड्रोपायपर: नळी एक ते दीड सेंटीमीटर, कडेचे केस आखूड. तुरा विरळ, मध्ये मध्ये तुटलेला. पाकळीसारख्या दलांवर भिंगातून बारीक ग्रंथींचे ठिपके दिसतात. याची सगळ्यात सुंदर खूण मात्र नळीच्या आत असते. खालची नळी सुईने उभी चिरली की आत न उमलताच फळलेली इवलीशी फुलं सापडतात. पान चावलं की काही क्षणांनी मिरीसारखं झोंबतं. पण शेताच्या बांधावर तणनाशक मारलेलं असू शकतं आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) पाण्याचा भरवसा नसतो. तेव्हा चव घेऊ नका. ठिपके आणि नळीतली फुलं पुरेशी आहेत.

घाटाकडे, चोर्ल्याच्या किंवा नेत्रावळीच्या ओलसर कडेला पर्सिकेरिया चायनेन्सिस झुडपांवर चढतो. फुलं तुऱ्यात नसून गुच्छात, नळी तिरकी आणि कडेला केस नसलेली. फळावरचं आवरण पिकून निळसर-काळं, मांसल होतं. एकदा पाहिला की विसरत नाही. अभयारण्यात नमुना तोडायला वनखात्याची परवानगी लागते, फोटोवर भागवा.

पॉलिगोनम प्लेबियम हिवाळ्याचं काम आहे. भात कापल्यावर सुकत आलेल्या मळ्यात आणि नदीच्या उघड्या वाळूवर जमिनीला चिकटून पसरतो. पानं बारीक, फुलं पानांच्या बगलेत, नळी चंदेरी, पारदर्शक आणि कडेला फाटलेली. गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही.

जागांबद्दल: ही गोड्या पाण्याची मंडळी. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत) मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या झडपेजवळ, मारांडीचे काटेरी ताटवे सुरू झाले की शोध थांबवा. उलट वाहत्या पाण्याचे सावलीतले काठ, कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) पाट आणि पातळी चढ-उतरणारी तळी इथे वेळ घाला. कुडचड्याचं नंदा तळं (२०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत) अशाच प्रकारचं. पाणी उतरल्यावर उघडा पडणारा चिखलाचा पट्टा दर पंधरवड्याने बघावा. गमबूट घालूनच उतरा, लेप्टोचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका खरा आहे.

गफलत होणारी दोन तणं: लुडविजियाला पिवळी फुलं असतात आणि नळी नसते, केन्याला आवरण असतं, पण ते पानाचाच तळ असतो आणि शिरा समांतर जातात.

नमुना दाबताना पोकळ खोड उभं चिरा, नाहीतर आपल्या दमट हवेत ते आतून काळं पडतं. पहिले चार दिवस कागद रोज बदला. फळं गळतात, त्यांची वेगळी पुडी करून नमुन्यालाच टाचा. फुलाचा ताजा रंग, पाण्याची खोली, पाणी वाहतं की साचलेलं, हे तिथल्या तिथे लिहा.

चार जाती आता पक्क्या. अडलं आहे ते सत्तरीतल्या एका व्हाळाकाठच्या ताटव्यापाशी: फुलं पांढरी, कडेचे केस जेमतेम २ मिलिमीटर, दलांवर ठिपके नाहीत, नळीत लपलेली फुलंही नाहीत. बी पिकलेलं नाही. डिसेंबरात ते चकचकीत निघतं की हायड्रोपायपरसारखं निस्तेज, खवल्यासारखं खडबडीत, हे बघून पुढची नोंद. तोवर वहीत नुसतं ‘पर्सिकेरिया’ लिहून ठेवलं आहे.