स्कार्फच्या टोकाची गाठ

स्मरणिकेसाठी काही लिहून दे, असा निरोप आला त्या दिवशी वळवाच्या पावसानं आमच्या भागातले दोन खांब आडवे झाले होते. मी लाईनमन आहे. वर चढलो की खालचा जोडीदार दोरीला अवजार बांधतो आणि मी ते ओढून घेतो. त्याला बांधायची गाठ मीच शिकवली, आणि मला ती स्काऊटच्या सरांनी, आठवीत, 1986 साली, शाळेच्या मागच्या चिंचेखाली. तेव्हा लिहायचं तर सरांवरच, हे तिथंच ठरलं.

आपले सर वर्गात हिंदी शिकवायचे, पण जुन्नरमध्ये त्यांना सगळे ओळखायचे ते खाकी हाफपँट, गळ्यातली शिट्टी आणि सायकलच्या हँडलला अडकवलेली दोरीची गुंडाळी यांवरून. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमचं पथक भरायचं. झेंडा, प्रार्थना, मग गाठी. 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर स्काऊटचा जनक बेडन पॉवेलनं वीस-बावीस मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, ही गोष्ट सर अशी सांगायचे की ते बेट कुकडीच्या पात्रातच कुठंतरी असावं असं आम्हाला वाटायचं.

रोज एक सत्कृत्य करायचं, हा स्काऊटचा नियम. त्याची आठवण राहावी म्हणून सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. आम्ही मुलं कुणाची पाटी उचलून दिली की लगेच गाठ सोडून मोकळे. सरांचं तसं नव्हतं. मनाला पटेल असं काम झाल्याशिवाय त्यांची गाठ सुटायची नाही.

एकदा संध्याकाळचे पाच वाजले तरी गाठ तशीच होती. सर आम्हा तिघांना घेऊन एसटी स्टँडवर गेले. एका म्हाताऱ्या आजींच्या बोचक्याला हात लावला तर त्या म्हणाल्या, "राहू दे बाबा, माझं मी नेते." तेवढ्यात आपटाळ्याकडं निघालेली वडापची जीप दिसली. टपावर कोंबड्यांची डालगी, आणि ती बांधलेली दोरी सैल होऊन चाकापर्यंत लोंबत होती. सरांनी शिट्टी मारली, जीप थांबवली, चाकावर पाय देऊन वर चढले. दोरी आवळताना एका डालग्याचं झाकण उघडलं आणि एक तांबडी कोंबडी थेट रसवंतीच्या बाकाखाली. पुढची दहा मिनिटं अख्खा स्टँड कोंबडीमागं! कंडक्टर, हमाल, रसवाला, आम्ही तिघं. शेवटी सरांनी गळ्यातला स्कार्फ काढून अलगद तिच्यावर टाकला. डोळ्यांवर अंधार येताच ती गप्प बसली. ड्रायव्हर चहाचे पैसे देऊ लागला. सर म्हणाले, "खरी कमाईच्या आठवड्यात आला असतात तर हक्कानं घेतले असते. हे सत्कृत्य आहे." खरी कमाईत काम करून पैसे घ्यायचे, सत्कृत्याचे घ्यायचे नाहीत, हा फरक मला पुस्तकातून कळला नव्हता. तिथं, कोंबडीची पिसं झटकताना कळला.

गाठी शिकवायची त्यांची पद्धत मी आजही वापरतो. बोलाइन कुणालाच जमेना. दोरीत छोटा फासा घ्यायचा, टोक खालून वर काढायचं, लांब दोरीला मागून वळसा द्यायचा आणि पुन्हा त्याच फाशातून खाली सोडायचं. सर म्हणाले, "सून माजघरातून बाहेर आली, तुळशीला प्रदक्षिणा घातली, परत माजघरात गेली. ओढा!" त्या दिवशी सगळ्या पथकाची बोलाइन बसली. ही गाठ कितीही ताण आला तरी आवळत नाही, म्हणून ती जिवाच्या अंगाला बांधायची, हे त्यांनी पाडळीच्या वाटेवर दाखवलं. एका कोरड्या विहिरीत करडू पडलं होतं. सर कडेच्या दगडांवर पाय देत खाली उतरले, पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती दोरी घेतली आणि खालून ओरडले, "सून निघाली!" आम्ही सहा जणांनी वरून ओढलं. वर आल्या आल्या करडानं कुणाच्या तरी खिशातला शेंगदाणा शोधून काढला. त्याच्या मालकिणीनं आम्हाला तांब्या भरभरून ताक पाजलं.

पण मला सर खरे उमगले ते माग काढण्याच्या सहलीत. सर आधी पुढं जाऊन खडूनं आणि दगडांनी खुणा करून ठेवायचे. बाण म्हणजे या वाटेनं, फुली म्हणजे इकडं नको, वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेलो. तीन संघ पंधरा-पंधरा मिनिटांनी सुटले. आमचा मोर संघ शेवटचा, सात जणांचा. कुकडीच्या काठी भांड्यांशिवाय स्वयंपाक होता. निखाऱ्यात भाजलेले बटाटे, काठीला गुंडाळून भाजलेली कणीक.

मारुतीच्या देवळापाशी बाण संपले आणि मातीत ठसठशीत वर्तुळ दिसलं, मध्ये खोलगट ठिपका. संघनायकानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सर घरी गेले." शिस्तीत रांग केली आणि आम्हीही घरी आलो. ते वर्तुळ म्हणजे गल्लीतल्या पोरांचं गोट्यांचं रिंगण होतं आणि ठिपका म्हणजे त्यांची गल.

रात्री आठच्या सुमारास दारात सायकलची घंटा वाजली. सर होते. पायांना गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल, हँडलला ॲल्युमिनियमचा डबा. बाकीच्या मुलांना पोचवून ते अंधार पडेपर्यंत काठानं आम्हाला हाका मारत फिरले होते. मग एकेक करत सात घरं. आमचं शेवटचं. वडिलांना प्रकार कळला तसा त्यांचा आवाज चढला. सर पायरीवरूनच म्हणाले, "पोरांनी खूण बरोबर वाचली. शेजारी मी मोराचं पीस काढायला हवं होतं. चूक माझी."

आईनं त्यांना हाताला धरून आत बसवलं. त्यांनी डबा उघडला. राखेत गुंडाळलेले दोन बटाटे, साल कोळशासारखी, आणि कागदाच्या पुडीत मीठ. माझ्या वाटणीचे. आईचं लक्ष त्यांच्या गळ्याकडं गेलं. "सर, स्कार्फला गाठ पडलीय."

सरांनी टोक हातात घेऊन पाहिलं. मग मला विचारलं, "बटाटा गरम आहे का अजून?"

मी फोडला. आतून वाफ आली.

"आहे, सर."

सरांनी गाठ सोडली आणि चहाला हो म्हणाले.